चिंबोरबेटाची चाल

खिचडीची ताटं अकरा मांडली होती. मुलं दहाच बसली होती.

प्रज्ञाने आधी मोरीकडे पाहिलं, मग व्हरांड्याच्या टोकाला, मग पुन्हा ओळीकडे. रिकामं ताट राहीचं होतं. पहिलीतली राही शाळेत सगळ्यांत लहान, पण जेवायला सगळ्यांत आधी हजर. खिचडीतले वाटाणे बाजूला काढून ती शेवटी एकेक करून खायची आणि त्या वेळी कुणी हाक मारलेली तिला खपत नसे.

"राही कुठंय?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या पाहण्यात भीती नव्हती, थोडा मोठेपणा होता. चौथीतला ऋत्विक उभा राहिला.

"बाई, ती तिच्या कामाला गेली."

"कसल्या कामाला?"

"खांड गेली ना, बाई. मघाशी ओरडत नव्हते का गावात? मग पहिला गोळा तिचाच ना."

प्रज्ञाने हातातला डाव पातेल्यात सोडून दिला. मघाशी वाडीकडून आरडाओरडा आला होता हे खरं. पावसाचे दिवस, कुणाचं तरी ढोर सुटलं असेल, असं समजून ती ताटं वाढत राहिली होती. भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला होता. भरती किती वाजता, हे तिला माहीत नव्हतं. या गावात सहा वर्षं शिकवून माहीत नव्हतं.

खारटेंभी हे खाडीकाठचं गाव. भरतीला खाडीचं पाणी इथल्या भातशेतीहून उंच उभं राहतं, आणि दोघांच्या मध्ये चिखलाचा एक लांबलचक बांध असतो. बस्स, बाकी काही नाही. हा बांध कुठे फुटला की त्या भगदाडाला खांड म्हणतात. खांड वेळेत बुजली नाही तर खारं पाणी खाचरांत बसतं आणि मग पुढची दोन-तीन वर्षं भात विसरायचं. म्हणून इथली माणसं लग्नाची तारीखसुद्धा उधाण बघून धरतात. न्हावा शेव्याला कंटेनरवर कामाला असलेली पोरं सुट्टी मागतात तीही अमावास्या-पौर्णिमा बघून.

प्रज्ञा इथली नव्हती. तिचं गाव माणगावच्याही आत, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे पाणी वरून येतं आणि खाली जातं. गेलेलं पाणी दिवसातून दोनदा परत येतं, ही गोष्ट नोकरी लागेपर्यंत तिच्यासाठी पुस्तकातली होती. तिचे वडील रत्नपाल पाटबंधारे खात्यात चौकीदार होते. कुठल्याही नव्या गावात गेले की ते लेकीला आधी विहिरी दाखवायचे. कोणती कुणाची, कोण कुठे भरतं, कोण लांब उभं राहतं. आपल्या आईला कोणत्या विहिरीवर उभं राहू दिलं नव्हतं, तेही त्यांनी एकदाच सांगितलं होतं, आवाज न चढवता. एखाद्या गावातली माणसं अशी का वागतात ते कळायला हवं असेल तर देवळापासून सुरुवात करू नकोस, एवढंच त्यांचं म्हणणं.

लहानपणी प्रज्ञाला वह्यांच्या मागच्या पानांवर देश काढायचा नाद होता. राजे काढले, राजवाडे काढले, झेंडे रंगवले, पण देश कागदावर पडून राहायचे. मग एकदा तिने आधी विहीर काढली. एकच, आणि तीही गावापासून कोसभर लांब. बाकीचं सगळं आपोआप येत गेलं: पहाटे उठणाऱ्या बायका, वाटेवर घागरी टेकायचे दगड, चालताना म्हणायची गाणी, पाणी सांडणाऱ्याला होणारी शिक्षा. ती सातवीत होती. हे कुणाला सांगावं असं घरात किंवा शाळेत कुणी नव्हतं, म्हणून ते तिच्यापाशीच राहिलं.

खारटेंभीला आल्यावर दुसऱ्या वर्षी तिने जुन्या कॅलेंडरांची पानं कोऱ्या बाजूने चिकटवून वर्गात पसरली आणि मुलांना म्हणाली, "एक बेट करू या." नाव मुलांनीच ठेवलं, चिंबोरबेट, कारण काढताना ते चिंबोरीसारखं, म्हणजे खेकड्यासारखं झालं होतं. नियम एकच होता. आधी वारा, पाणी आणि माती ठरवायची, माणसं शेवटी. बेटावर दगड नव्हता, म्हणून देव मातीचे आणि दरवर्षी नवे. गोडं पाणी एकाच टाकीत, म्हणून पाहुण्याला पेला भरून द्यायचा आणि पाहुण्याने तळाशी दोन घोट ठेवायचे. भांडणात सगळ्यांत वाईट शिवी "तुझं मडकं गळो", आणि ती दिली की दोन दिवस कुणी बोलायचं नाही. कुणी नवी चाल सुचवली की बाकीच्यांनी तीनदा "का?" विचारायचं. पहिल्या 'का?'ला एक बोट वर, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. तिन्हींना उत्तर असेल तरच चाल कागदावर. गेल्या चार वर्षांत चौथीतली मुलं निघून जायची, पहिलीतली नवी यायची, पण बेट चालू होतं.

या जूनमध्ये कुणीतरी विचारलं होतं, "बेटाचा बांध फुटला तर?" मुलं भांडायला लागली. तेव्हा प्रज्ञानेच सुचवलं. खांड पडली की बेटावरच्या सगळ्यांत लहान मुलाने चिखलाचा पहिला गोळा न्यायचा. तोवर मोठ्यांनी हात लावायचा नाही. बोलता बोलताच तिला ते इतकं आवडलं की अंगावर काटा आला. ऋत्विक म्हणाला होता, "आमच्याकडं असं न्हाय, बाई." ती म्हणाली होती, "ही चिंबोरबेटाची चाल आहे." बोटं कुणी वर केली नाहीत. बाईंना कोण विचारणार? राही सगळ्यांत लहान, म्हणून तो मान तिचा ठरला. घरी जाताना ती उड्या मारत गेली होती.

खिचडी शिजवणाऱ्या किशोरीताईंच्या ताब्यात मुलं देऊन प्रज्ञा निघाली. दुसरे गुरुजी अलिबागला प्रशिक्षणाला गेले होते. चिखलात चप्पल रुतली, ती तिथेच राहिली.

बांधावर पन्नासेक माणसं होती आणि त्यांतलं कुणीही धावत नव्हतं. हे तिला आधी कळेचना. काही बसली होती, एकजण तंबाखू मळत होता. त्यांच्यापुढे बांध संपला होता. तिथे चाळीस फूट रुंदीचं तपकिरी पाणी खाडीतून शेतात कोसळत होतं, आणि त्या पाण्यापलीकडे उघाडीचा, म्हणजे बांधातल्या दरवाज्याचा, सिमेंटचा चौथरा होता. चौथऱ्यावर राही उभी होती. निळा फ्रॉक, एक हात छातीशी. हातात काहीतरी काळं धरलेलं.

झालं होतं ते असं. पहिली खांड उघाडीच्या पलीकडे पडली. राही बांधावरून पळत उघाडीपर्यंत पोचली आणि तिच्या मागे सखल भागावरून पाणी चढून दुसरी खांड पडली. आता ती दोन खांडींच्या मध्ये होती.

राहीचा बाप दीपेश रात्रपाळी करून सकाळीच आला होता. तो चिखलात उताणा पडला होता आणि दोन आडदांड माणसं त्याच्या पायांवर बसली होती.

"सोडा रे मला, भडव्यांनो! माझी पोर हाय ती!"

"तुझीच हाय, म्हनून तर बसलोय," त्यांतला बाळाजी म्हणाला. "माझी असती तर तू बसला असतास माझ्यावर. तुझं वजन बी माझ्याहून जास्त, मेलोच असतो मी."

कुणीतरी हसलं. प्रज्ञाच्या डोक्यात सणक गेली. "तुम्ही हसता काय? जा ना कुणीतरी! होडी घाला!"

अंबाजीने, राहीच्या आज्याने, मान वळवली. सत्तरीचा माणूस, अंगात बनियन, हातात वेळूची काठी. "बाई, खांडीच्या तोंडाशी होडी गेली तर शेतात उलटी मिळंल. भरतीला खांडीत उतरायचं न्हाय. धावंल त्याला धरून बसवायचं. आमच्या बापांनी बी हेच केलं."

"मग करायचं काय?"

"बसायचं. अजून वीस मिनिटं चढंल. मग घटका-दीड घटका थोपंल. मग उतरंल."

"आणि तो चौथरा?"

अंबाजीने चौथऱ्याकडे पाहिलं. "टिकंल," म्हणाला, आणि काठीचं टोक चिखलात फिरवत राहिला. त्या फिरवण्यावरून प्रज्ञाला कळलं की त्यालाही खात्री नाही.

तालुक्याला फोन झाला होता, माणसं निघाली होती, पण पोचेपर्यंत पाणी उतरलेलं असणार. राहीची आई पेणला गेली होती. तिला कुणी फोन करायचा नाही, असं बायकांनी ठरवून टाकलं होतं. आपण जवळ नसताना तिने बसून राहायचं कसं, हे तिला फोनवर कोण शिकवणार?

तेवढ्यात राही हलली. चौथऱ्याला शेताच्या बाजूने चार पायऱ्या होत्या. ती एक पायरी उतरली.

"राही! बस गो खाली! बस म्हनतो ना!" अंबाजी ओरडला. वारा त्यांच्या पाठीमागून होता, आवाज पोचत असावा. राहीने मान जोरात हलवली आणि हातातलं काळं उंच करून दाखवलं. चिखलाचा गोळा.

"काय करतेय ती?" राहीची आजी रंगू कपाळावर हात आडवा धरून म्हणाली. "काय दाखवतेय?"

प्रज्ञाला ठाऊक होतं. राही दुसरी पायरी उतरली. तिसरीवर पाणी होतं.

"राही!" तिचा आवाज चिरकला. तिने पुन्हा श्वास घेतला, वर्गात घेते तसा. "राही! चिंबोरबेटाची चाल बदलली!"

राही थांबली. माणसं बाईंकडे बघू लागली.

"पहिला गोळा भरतीला ठेवायचा नाही! ओहोटीला ठेवायचा!"

राहीने गोळा काखेत धरला आणि मोकळ्या हाताचं एक बोट वर केलं.

"काय म्हनते?" रंगूने विचारलं.

"का म्हणून विचारतेय," प्रज्ञा म्हणाली, आणि अंबाजीचा दंड तिने घट्ट धरला. "बाबा, का? भरतीला का नाही? लवकर सांगा."

"म्हंजे काय? चिखल वाहून जातोय."

"चिखल वाहून जातो!" प्रज्ञा ओरडली. "सगळा गोळा वाया जातो!"

पलीकडे दोन बोटं. प्रज्ञाच्या कपाळावरून पाऊस डोळ्यांत उतरत होता. वर्गात ती दोन बोटं बघून तिला नेहमी आनंद व्हायचा.

"परत का? बाबा, का वाहून जातो?"

"आता हे काय..." अंबाजी वैतागला, मग त्याने नातीकडे पाहिलं आणि त्याचा वैताग गेला. "चिखलाला बसायला वेळ लागतो. घावनाचं पीठ कसं, तव्यावर टाकल्या टाकल्या हलवलं तर फाटतं. पाणी हलतंय तवर चिखल चिखलाला धरत न्हाय."

प्रज्ञाने ते जसंच्या तसं ओरडून सांगितलं, घावनासकट. राही विचार करत होती. पावसात चेहरा नीट दिसत नव्हता, पण तिची मान एका बाजूला कलली होती. मग तीन बोटं वर आली. तिचा पाय अजून दुसऱ्याच पायरीवर होता.

प्रज्ञाने अंबाजीकडे पाहिलं. अंबाजीने बाळाजीकडे. खाली दाबून धरलेला दीपेशसुद्धा आता ओरडायचा थांबला होता.

"पण थांबायचं का?" प्रज्ञा हलक्या आवाजात म्हणाली. "सगळं वाहून जात असताना हात बांधून बसायचं का? मी काय सांगू तिला?"

उत्तर रंगूने दिलं. ती खाली बसली होती, लुगड्याचा काष्टा चिखलाने जड झालेला. "काय सांगायचं त्यात? ओहोटी येते म्हनून. आपन काय बी केलं न्हाय तरी येते. तिला आनायला जावं लागत न्हाय."

प्रज्ञाने दोन्ही हात तोंडाभोवती धरले. "कारण ओहोटी येतेच! आपण काही केलं नाही तरी येते! आपण फक्त तोवर राहायचं!"

राहीची बोटं खाली आली. ती एक पायरी वर चढली, मग दुसरी. चौथऱ्याच्या मधोमध दरवाज्याचा लोखंडी दांडा होता, त्याला पाठ टेकून बसली. प्रज्ञा रंगूच्या शेजारी चिखलात बसली.

त्यानंतर सव्वातीन तास गेले. सव्वा वाजता पाणी चौथऱ्याच्या वरच्या कडेला लागलं आणि एक कोपरा ढासळला. तो पडताना आवाजही आला नाही, सिमेंटचा तुकडा नुसता दिसेनासा झाला. कुणी किंचाळलं नाही. एका बाईने राहीला हाक मारून विचारलं, तुझ्या कोंबडीने कालपासून किती अंडी दिली गो, आणि राहीने बोटांनी सांगितलं. मग दुसरीने दुसरं काही विचारलं. असं पाळीपाळीने चाललं होतं. रडायला आलं की ती बाई मागे जायची, तिथे चिखलाचे गोळे करत बसायची, तिची जागा दुसरी घ्यायची. प्रज्ञा हे बघत होती. ही चाल कुणी कागदावर लिहिली नव्हती, कुणी कुणाला समजावून सांगत नव्हतं. तिने विचारलं असतं तर सहा वर्षांत कुणीही सांगितलं असतं. तिने वारा विचारला होता, पाणी विचारलं होतं, पण ते कागदावरच्या बेटाचं.

ती तीनदा दीपेशजवळ गेली. मी सांगितलं होतं तिला, असं म्हणायचं तिने ठरवलं होतं. तिन्ही वेळा तिने नुसती कुणाची तरी छत्री त्याच्या डोक्यावर धरली आणि परत आली.

साडेचारला अंबाजीने काठी खांडीत घातली, ओली खूण बोटाने मोजली आणि थांबला. पंधरा मिनिटांनी पुन्हा घातली. मग बाळाजीला म्हणाला, "उठ आता त्याच्यावरनं."

दीपेश उठला तेव्हा त्याचे पाय बधिर झाले होते, दोन पावलं तो लंगडत गेला. कमरेला दोर बांधून तो उतरला. पाणी मांडीपर्यंत होतं, मध्ये छातीपर्यंत गेलं, मग पुन्हा मांडीपर्यंत आलं. परत येताना राही त्याच्या खांद्यावर होती. ती थरथरत होती आणि तिच्या फ्रॉकवर पुढे काळा मोठा डाग होता. अंबाजीने तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, ओठ हलवले आणि लगेच खांडीकडे वळला. सगळी माणसं एकदम उठली. आता कुणीच बसलेलं नव्हतं.

"बाई," राही म्हणाली. तिचे दात वाजत होते. "गोळा पावसात गेला."

"असू दे."

"मी धरून ठेवलेला. मग तो गेला."

"असू दे, बाळा." प्रज्ञाने तिला आपल्या ओढणीत गुंडाळलं आणि बाळाजीच्या टेम्पोत नेऊन ठेवलं. सीटवर पाठ टेकताच पोर झोपली.

परत आल्यावर प्रज्ञा रांगेत उभी राहिली. शेताकडून खांडीपर्यंत बायकांची रांग लागली होती, चिखलाचे गोळे हातोहात पुढे जात होते. पुढे पुरुष लाकडी मेढी ठोकत होते, पेंढा भरत होते. तिच्या डाव्या हाताला रंगू होती. पहिले काही गोळे प्रज्ञाच्या हातून निसटले. रंगूने तिचे हात धरून, गोळा खालून कसा घ्यायचा ते दाखवलं.

"रंगूबाय," प्रज्ञा म्हणाली. "ती माझ्यामुळे गेली. शाळेत एक खेळ आहे आमचा. लहान मुलाने पहिला गोळा न्यायचा, असं मी सांगितलं होतं. मला वाटलं होतं, छान आहे."

रंगूने गोळा घेतला, पुढे दिला. दुसरा घेतला, पुढे दिला.

"ते बेट काय, ते तवाच कळलं मला," ती म्हणाली. "मी एवढी बी खुळी न्हाय."

"तुम्ही मला काही बोलला नाहीत."

"बोलनार हाय." तिसरा गोळा. "चांगली बोलनार हाय तुला. घरी येऊन बोलीन, शाळेत येऊन बोलीन, तुझ्या सायबाला बी सांगेन. रात्री आठवंल तवा उठून बोलीन. पर आज हात मोकळं न्हायत माझं. घे, धर. खालून धर."

प्रज्ञाने खालून धरला.

सात वाजता खाडीतलं पाणी थांबल्यासारखं दिसलं. मग पाण्यावर तरंगणारा काटक्यांचा एक गुंतवळा, आतापर्यंत समुद्राकडे जात होता तो, जागच्या जागी फिरला आणि हळूहळू गावाकडे सरकू लागला. "पाणी फिरलं," कुणीतरी म्हणालं. दोन्ही खांडी भरत आल्या होत्या, पण दुसरी अजून हातभर कमी होती. रात्रीची भरती पावसाळ्यात दिवसाच्या भरतीपेक्षा लहान असते, अंबाजीने सांगितलं. तेवढ्या भरतीला हा बांध पुरेल की नाही, हे त्याने सांगितलं नाही. शेवटची एसटी कधीच गेली होती. पनवेलला, जिथून ती रोज येई त्या घरी, प्रज्ञाने दोन शब्दांत कळवलं होतं, आणि मग फोन वाजत राहिला तरी घेतला नव्हता, कारण हात चिखलाने भरलेले होते.

"बाई, दमलीस तर मागं हो," रंगू म्हणाली.

"नाही."

"मग बोलू नको. श्वास पुरत न्हाय."

खाडीकडून वारा आला, खारट आणि गार. पाणी बांधाच्या पायाशी लागायला अजून तीन तास होते. रांगेच्या टोकाला पुढचा गोळा उचलला गेला आणि हातोहात प्रज्ञाकडे येऊ लागला.